जांगडचं तिकीट

पाचपावली, नागपूर
२७ एप्रिल १९८५

प्रिय वच्छे,

तुझं पत्र पाडव्याला मिळालं आणि उत्तर लिहायला अक्षयतीज उलटली. आता तू म्हणशील, रिकामटेकडी बाई, पेन्शन खाते, दोन ओळी लिहायला हिला झालं काय? झालं काहीतरी. सांगते. पण मला क्रमाने सांगू दे. जन्मभर पोरांना उत्तरं क्रमाने लिहायला शिकवली, ती खोड आता जात नाही. आणि लेखणी हातात घेतली की मी मास्तरीण होते, पण तुझ्याशी बोलायचं म्हटलं की जीभ आपोआप आपल्या गल्लीत शिरते. मध्येच मले-तुले आलं तर हसू नको वं.

इकडे ऊन मी म्हणतंय. दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं. कूलरमध्ये पाणी भरायचं, पुन्हा भरायचं आणि त्याच्यासमोर बसून राहायचं, एवढाच माझा दिवस. कूलर म्हातारा आहे, फार खडखडतो. श्रीधर म्हणतो, आत्या, बदलून टाकू. मी म्हणते, राहू दे रे बाबा. घरात काहीतरी बोलतं तरी. श्रीधर म्हणजे माझा भाचा, तू गेलीस तेव्हा रांगत होता. आता हिंगण्याच्या कारखान्यात आहे. पाळी संपवून येतो, दारातून हाक मारतो, पिशवी ठेवतो आणि जातो. त्याचं तरी काय चुकलं? त्याला त्याचा संसार आहे.

तर तुझा प्रश्न. इथल्या बर्डीवरच्या विमानतिकिटांच्या एजंटाची ती ‘भाव उतरला तर फरक परत’ योजना घेण्यासारखी आहे का, असं तू विचारलं आहेस, कारण तुझ्या शेजारणीला, त्या हरबंस कौरला, जालंधरच्या तिच्या आईला तिकडे लंडनला बोलवायचं आहे. पत्रभर तोच प्रश्न. फरक खरंच देतात का, किती दिवस वाट पाहावी लागते, तिकीट वाया तर जात नाही. खाली दोन ओळी तुझ्या: गुडघे दुखतात म्हणून तळमजल्यावरच्या खोलीत राहायला आलीस, आणि आवाज असावा म्हणून टीव्ही लावून ठेवतेस. संपलं पत्र. माझ्याकडे तिकीट आहे हे तुला गेल्या उन्हाळ्यापासून माहीत आहे. कौसे, तू केव्हा येतेस, एवढं एक वाक्य त्यात नव्हतं. मी कागद उलटा करून पाहिला, पाकिटात बोट घालून पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला फार लागलं ते.

असो. हरबंस कौरचं आधी आटपू. योजना अशी आहे. मी रिटायर झाले, हातात फंडाचे पैसे आले आणि तडक बर्डीवर गेले. आमचे हे, ईश्वरदास, असते तर म्हणाले असते, आधी छत दुरुस्त कर. पण ते धंतोलीच्या दवाखान्यातून परत आलेच नाहीत, आणि छत काय, एकटीच्या डोक्यावर गळलं काय न् राहिलं काय. त्या ऑफिसात मधुसूदन नावाचा काडीपैलवान एजंट बसतो. भिंतीवर त्याने पाटी रंगवून घेतली आहे की आज तिकीट घ्या, उद्या भाव उतरला तर फरक आमच्याकडून. त्याने समजावलं ते असं: मुंबई-लंडन जायचं-यायचं तिकीट वर्षभर चालतं, त्यावर तारीख टाकायची नाही. हंगाम नसला की विमानवाले एजंटांना कमी भावात तिकिटं देतात. तसा भाव त्याच्या पाटीवर उतरला, की आपण स्वतः तिकीट घेऊन ऑफिसात जायचं, त्याच आठवड्यात जायचं, आणि फरक घ्यायचा. उशीर केला, भाव पुन्हा चढला, तर संपलं. आणि एकदा का जायची तारीख पक्की केली, की योजनाही संपली. मग भाव पाताळात जाऊ दे.

मला ते भारी पसंत पडलं. मी कोष्ट्याच्या घरची, भाव हा शब्द पाळण्यात ऐकलेला. मी दर सोमवारी बर्डीवर जायला लागले. सोमवारी मधुसूदन पाटीवरचे आकडे पुसून नवे लिहितो. सकाळपासून माझी लगबग. धुतलेली साडी, तिकिटाची पर्स, छत्री. गल्लीत कोणी विचारलं, मावशी, कुठे? तर मी मान ताठ करून सांगायची, विमानाच्या ऑफिसात. शाळा सुटल्यापासून कोणी मला ‘बाई’ म्हणून हाक मारलेली नव्हती बघ, ती तिथे मिळायची. मधुसूदन चहा सांगायचा. म्हणायचा, आइये बाई, बसा, आज तर भाव अजून चढून राहिला. आणि मला वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटायचं, कारण पुढच्या सोमवारी पुन्हा यायला कारण मिळालं. तुला घडोघडी मी लिहीत होतेच, भाव इतका झाला, भाव तितका झाला. माझी पत्रं तू पुन्हा वाचलीस तर तुला वाटेल, बाई लंडनला निघाली आहे की धान्यबाजारात बसली आहे.

एकदा उतरला भाव. खरंच उतरला. संक्रांत नुकतीच झाली होती. मधुसूदन लांबूनच पाहून उठला, बाई, तुमचं नशीब खुललं म्हणाला आणि फरक मोजून हातात दिला. सगळं ऑफिस माझ्याकडे पाहत होतं. रक्कम काही फार नव्हती, पण मला लॉटरी लागल्यासारखं झालं. येताना मी पाव किलो संत्र्याची बर्फी घेतली. रिक्षाने आले, रिक्षावाल्याला एक वडी दिली. कुलूप उघडलं, पर्स टेबलावर ठेवली, आणि तोंड उघडलं, अन् लक्षात आलं, सांगू कोणाला? श्रीधरची रात्रपाळी. शेजारी लग्नाला गेलेले. मी बर्फीचा पुडा उघडा टाकून तशीच बसले. दुसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या. वच्छे, मी त्या दिवशी रडले, भाव उतरल्याच्या आनंदाने नव्हे.

हरबंस कौरला बापूजींचीही गोष्ट सांग. बापूजी म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेला एक टकला, हसरा म्हातारा, लेक नैरोबीला दिलेली. त्याने माझ्यासमोर तिकीट घेतलं आणि तिथल्या तिथे तारीख टाकून मोकळा झाला. मी कोपराने ढोसून सांगितलं, अहो, थांबा, योजना हातची जाते. तो म्हणाला, जाऊ द्या बाई, नातीचे दात पडून राहिले, ते काही थांबत नाहीत. मला वाटलं, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पुढे भाव उतरला तेव्हा मला पहिली आठवण त्याची झाली. म्हटलं, आला की चांगलं सुनावीन. आला तो पेढे घेऊन. मी अगदी हौसेने सांगितलं की थोडं थांबला असतात तर इतका इतका फरक मिळाला असता. तो पेढा माझ्या हातावर ठेवत म्हणाला, पण बाई, मी तर जाऊन आलो ना! आणि खिशातून फोटो काढला. नात त्याच्या टकलावर दोन्ही हात ठेवून हसते आहे, पुढचे दात नाहीत. पेढा मी तसाच टेबलावर ठेवला. त्या म्हाताऱ्याचा मला इतका राग आला की मी निरोपही न घेता उठले.

तर शेजारणीला माझ्या नावाने सांग: योजना खोटी नाही, फरक देतात. पण तो मिळतो वाट पाहत बसणाऱ्याला. घाईने जाणाऱ्याला कधीच नाही, आणि बहुतेक लोक घाईनेच जातात, म्हणून एजंटाचं काही बिघडत नाही. जायचा दिवस ठरलेला असेल तर त्या पाटीकडे पाहूही नये. भाव कमी वाटतो म्हणून थोडं थांबावं हे ठीक. पण म्हातारी आई आणायची आहे ना तिला? मग म्हणावं, फरक सोड, आई आण.

आता माझं. मी काहून थांबले? लोकांना मी सांगत आले, भाव उतरू दे. श्रीधरला तेच, मधुसूदनला तेच, तुलाही तेच. खरं कारण वेगळं आहे. तुला आठवतं, तू तिकडे गेल्यापासून तुझं प्रत्येक पत्र एकाच ओळीने संपायचं, ‘कौसे, ये.’ ईश्वरदास होते, शाळा होती, पैसा नव्हता, तेव्हा दरवेळी ‘ये.’ मी तिकीट काढल्याचं कळवलं, आणि त्यानंतरच्या एकाही पत्रात ते नाही. मी म्हटलं, बाप्पा! म्हणजे येणार नाही हे माहीत होतं तोवर बोलावणं होतं. आता खरंच येते म्हटल्यावर बाईसाहेबांची दातखीळ बसली. खोली लहान असेल, सवय मोडली असेल, माझी लाज वाटत असेल. नाही नाही ते मनात आलं. एका पत्रात विचारलं असतं, येऊ का म्हणून, तर महिनाभरात उत्तर आलं असतं. पण नाही विचारलं. ते माझ्या रक्तातच नाही, आणि ते कोणामुळे, हे तुझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

आमचे बाबा साड्या इतवारीतल्या शेठकडे जांगड ठेवायचे. विकायच्या नाहीत, नुसत्या ठेवायच्या. खपल्या तर पैसे, नाही तर माल परत. आणि देवाजी कोष्ट्याचा नियम एकच, जांगडचा माल विचारायला जायचं नाही. म्हणायचे, इचाराले गेलं की शेठले समजते घरची चूल थंडी आहे, मंग तो भाव पाडते. म्हणून ते आपल्या दोघी मैत्रिणींना पाठवायचे. पाहून या, पण विचारू नका. आपण समोरच्या भडभुंज्याकडून फुटाणे घ्यायचो आणि तो चणे भाजेस्तोवर दुकानात डोकावायचो, लाल फडक्यातलं गाठोडं फळीवर आहे का नाही. माझी मान आखूड, मला दिसायचं नाही. तू बगळ्यासारखी मान काढून सांगायचीस, आहे वं कौसे, अजून आहे.

एका वर्षी ते गाठोडं हललंच नाही. लग्नसराई गेली, पावसाळा गेला, दिवाळी गेली. बाबा काही गेले नाहीत. शेवटी गेले तेव्हा तू आणि मी बरोबर होतो. शेठने गाठोडं सोडलं तर साड्यांना घडीघडीवर कसर लागलेली, रेशमी काठ हातात सुटून आले. शेठ कपाळावर हात मारून म्हणाला, देवाजी, दोन गिऱ्हाइकं मागून गेली, पण तू विचारायला फिरकला नाहीस, मला वाटलं पोरीच्या लग्नासाठी तुला माघारी हव्या आहेत. मी तुझीच वाट पाहत राहिलो. बाबा दुकानाच्या पायरीवर बसले आणि हसले. घरी येऊन जेवले नाहीत. आणि तरी नियम काही सोडला नाही त्यांनी! एकदाच माल जांगड न ठेवता आपल्या मनाने दिला, तोही तुला. छप्पन साली धम्मदीक्षेला जायला तुझ्या आईने, जनाबाईने, तुझ्यासाठी पांढरं लुगडं मागितलं, तेव्हा मागावरची साडी उतरवून तुझ्या खांद्यावर टाकत म्हणाले होते, ही जांगड नाही वं पोरी, ही तुझी.

आता उशीर काहून झाला ते ऐक. तुझ्या पत्राच्या रागात महिनाभर मी कागद हातात घेतला नाही. तिकिटाचं वर्ष मे अखेरीला संपतं. गेल्या सोमवारी मधुसूदन म्हणाला, बाई, थोडे पैसे भरून मुदत वाढवून घेऊ, पावसाळ्यात भाव नक्की उतरेल, योजनाही चालू राहील. मी हो म्हणणार होते. पर्सही उघडली होती. मग आठवलं की तुझ्या शेजारणीचं विचारायचं राहिलं, म्हणून त्याला विचारलं, की लंडनची एक बाई आहे, तिच्या आईला ही योजना चालेल का? तो म्हणाला, आई बसणार कुठून? मी म्हटलं, जालंधरहून. तो हसायला लागला. म्हणाला, मग दिल्लीहून जाईल ना ती. तिला नागपूरच्या एजंटाची योजना कशाला पाहिजे? इथे येऊन चहा प्यायला?

मी उघडलेली पर्स बंद केली. माझा चहा निवला. तू इतकी वर्षं तिथे नर्स होतीस, पंजाब कुठे अन् नागपूर कुठे हे तुला कळत नाही होय? हरबंस कौरला काही नको होतं. फरक देतात का, किती वाट पाहावी लागते, तिकीट वाया तर जात नाही, हे सगळं तूच विचारत होतीस. तू भडभुंज्याकडे उभी राहून मान काढून पाहत होतीस, गाठोडं अजून फळीवर आहे का. पाहून या, पण विचारू नका! अवं, बाबा माझे होते, तू कशाला त्यांचा नियम उचलला? मी दर पत्रात भाव लिहिला, तारीख एकदाही लिहिली नाही, आणि तू समजलीस की कौसीला स्वस्त झाल्याशिवाय यायचं नाही, मग कशाला गळ घालायची. इकडे मी समजले की तुला नको आहे. दोघींनी मिळून वर्षभर कसर लावून घेतली. मला तुझा राग आला, माझा आला, मेलेल्या बापाचाही आला. मग मी डोळे पुसले आणि मधुसूदनला म्हटलं, मुदत नको वाढवू, तारीख टाक. तो म्हणाला, बाई, योजना संपेल. म्हटलं, संपू दे.

म्हणून हे पत्र. मे महिन्याच्या अठराला, शनिवारी सकाळी, मी लंडनला उतरते आहे. सोबत सावजी मसाला आहे, पातोडीचं बेसन आहे, आणि निघताना संत्र्याची बर्फी घेईन, ती तरी मुंग्यांना न देता तुझ्यापर्यंत आणीन. मधुसूदन सांगत होता, तिथे उतरल्यावर साहेब विचारतो, कोणाकडे आलात? मी तुझं नाव सांगणार आहे, दुसरं मला कोणाचं सांगता येत नाही. आणि देवाजी कोष्ट्याची पोरगी आज जन्मात पहिल्यांदा विचारते आहे, वच्छे, येऊ का? भाव पडला तर पडू दे. फक्त उत्तर लिहू नको. टपालाला वेळ लागेल, तोवर मी निघालेली असेन, आणि पुन्हा एका पत्राची वाट पाहणं आता माझ्याने होणार नाही. नाही म्हणायचं असन तं दारात म्हणजो, माझ्या तोंडावर. पण आधी टीव्ही बंद करजो, म्हणजे मले नीट ऐकू येईन.

निघालेली, तुझीच,
कौसी